वाढीचा वेग आणि रायबोसोम: पेशी नेमकं काय मोजते?

धुळ्याहून एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने तीन गोष्टी विचारल्या आहेत. एक, पुस्तकात लिहिलेलं असतं की जीवाणू जितक्या वेगाने वाढतो तितके त्याच्यात रायबोसोम, म्हणजे प्रथिनं बनवणारी यंत्रं, जास्त. मग आपण किती वेगाने वाढतोय हे त्या पेशीला कळतं कसं? दोन, मूग-चवळीच्या मुळांवरच्या गाठींतले ब्रॅडीरायझोबियम हे जीवाणू प्लेटवर इतके रेंगाळतात, त्याचा रायबोसोमशी काही संबंध आहे का? आणि तीन, यातलं काही कॉलेजच्या प्रयोगशाळेत करून बघता येईल का?

मी जळगावजवळ जैविक खतांच्या कारखान्यात फर्मेंटर आणि गुणवत्ता तपासणी बघतो, त्याआधी काही वर्षं शिकवलंय. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधीच सांगून टाकतो: पेशी आपला वाढीचा वेग मोजतच नाही. ती मोजते ते एवढंच, की प्रथिनं बनवायला लागणारी अमिनो आम्लं जितक्या वेगाने येताहेत, तितक्या वेगाने हातातले रायबोसोम ती वापरताहेत का. आवक जास्त पडली तर नवे रायबोसोम, कमी पडली तर रायबोसोम बनवणं बंद. वाढीचा वेग हा या हिशेबातून बाहेर पडणारा आकडा आहे. प्रश्नच उलट्या टोकाने पकडला गेलाय, आणि त्यात तुमची चूक नाही. बहुतेक पुस्तकांत तो तसाच मांडलेला असतो.

आता पुरावा. पण त्याआधी रायबोसोम इतका महत्त्वाचा का, याचा एक छोटा हिशेब वहीत मांडा, कारण तो केल्याशिवाय बाकीचं पाठांतरच राहतं.

ई. कोलायच्या एका रायबोसोममध्ये पन्नासहून अधिक प्रथिनं असतात आणि त्या सगळ्यांची अमिनो आम्लं मोजली तर सुमारे ७,४०० भरतात. चांगल्या खुराकावर एक रायबोसोम सेकंदाला २० च्या आसपास अमिनो आम्लं जोडतो. म्हणजे एका रायबोसोमला आपल्यासारख्याच दुसऱ्या रायबोसोमची प्रथिनं बनवायला ३७० सेकंद, ढोबळ ६ मिनिटं लागतात. आरएनएचा भाग वेगळाच, तो आरएनए पॉलिमरेज हे एन्झाइम बनवतं. आता पेशीला २० मिनिटांत दुप्पट व्हायचंय असं धरा. चक्रवाढीचं गणित असल्यामुळे ०.६९३ ने गुणायचं: ०.६९३ गुणिले ६ भागिले २०, म्हणजे ०.२. पेशीतल्या एकूण प्रथिनांपैकी पाचवा हिस्सा तर नुसत्या रायबोसोमच्या प्रथिनांचा हवा. त्यात ईएफ-टीयूसारखे मदतनीस घटक आणि त्या क्षणी रिकामे असलेले रायबोसोम धरले की हा आकडा एक तृतीयांशाकडे सरकतो. प्रत्यक्ष मोजमापातही जवळपास तेच मिळतं. १०० मिनिटांत दुप्पट होणाऱ्या ई. कोलायमध्ये पेशीमागे ७ हजारांच्या आसपास रायबोसोम असतात, तर २४ मिनिटांत दुप्पट होणाऱ्यात ७० हजारांच्या आसपास. वेग चौपट, रायबोसोम दहापट. यात गोंधळू नका: जलद वाढणारी पेशी आकारानेही मोठी असते, त्यामुळे पेशीमागे मोजलं तर फरक जास्त दिसतो. प्रथिनांच्या वजनामागे मोजलं की नातं सरळ रेषेचं दिसतं.

मग सरसकट ७० हजार ठेवून का देत नाही? खर्चामुळे. रायबोसोमवर गेलेलं प्रथिन अमिनो आम्लं बनवणाऱ्या एन्झाइमसाठी उरत नाही. शिवाय ई. कोलायच्या रायबोसोमचं जवळजवळ दोन तृतीयांश वजन आरएनएचं, आणि आरएनएच्या वजनात ९ टक्क्यांच्या आसपास फॉस्फरस. फर्मेंटरमध्ये फॉस्फेट कमी पडलं की वेगवान कल्चर आधी का कुरकुरतं, त्याचं एक मोठं कारण हे.

आता मूळ मुद्दा. १९५८ साली कोपनहेगनमध्ये मोसेलियो शेक्टर, ओले मालोए आणि निल्स ओले केल्डगार्ड यांनी साल्मोनेला टायफीम्युरियम वेगवेगळ्या मीडियमवर वाढवला आणि प्रत्येक वेळी पेशीचं वजन, डीएनए आणि आरएनए मोजलं. निष्कर्ष असा निघाला की मीडियममध्ये नेमकं काय आहे याला महत्त्व नाही. दोन अगदी वेगळ्या मीडियमवर वाढीचा वेग सारखा आला तर पेशीची घडणही सारखीच. आजचं सगळं शास्त्र या कामावर उभं आहे, आणि 'पेशी वेग ओळखते' ही समजूतही याच कामाचा अर्धा भाग वाचून पसरली असावी, असं मला वाटतं.

उरलेला अर्धा भाग तापमानाचा आहे. त्यांनी तेच मीडियम ठेवून ३७ ऐवजी २५ अंशांवर कल्चर वाढवलं. वेग बराच उतरला. पण पेशीचा आकार, डीएनए, आरएनए? जवळपास जसेच्या तसे. पेशी वेग मोजत असती तर २५ अंशांवर तिने रायबोसोम कमी करायला हवे होते. तिने केले नाहीत, कारण थंडीत अमिनो आम्लं बनवणारी एन्झाइम मंदावली तशीच रायबोसोमची जोडणीही मंदावली. आवक आणि वापर दोन्ही एका प्रमाणात उतरले, तोल होता तिथेच राहिला, आणि तोलच मोजला जात असेल तर पेशीला काही बदलायचं कारणच नाही. हे अर्थात त्या जीवाणूच्या सुखाच्या टप्प्यात. भुसावळकडे मे महिन्यात खोलीचं तापमान ४२-४३ ला जातं तेव्हा ई. कोलायमध्ये उष्णतेच्या ताणाचा वेगळाच कारभार सुरू होतो, तिथे हा नियम लावू नका.

दुसरा पुरावा याहून बोलका आहे. कल्चरमध्ये क्लोरॅम्फेनिकॉल अगदी थोडं घाला, मरणार नाही इतपत. हे प्रतिजैविक रायबोसोमलाच अडवतं, त्यामुळे वाढ मंदावते. पुस्तकी नियम लावला तर मंद वाढ म्हणजे कमी रायबोसोम. होतं उलटं: प्रथिनांच्या मानाने रायबोसोम वाढतात. २०१० साली मॅथ्यू स्कॉट, टेरेन्स ह्वा आणि सहकाऱ्यांनी ई. कोलायवर हे नीट मोजून मांडलं. खुराक बदलून वेग कमी केला की रायबोसोमचा वाटा एका सरळ रेषेत उतरतो, आणि क्लोरॅम्फेनिकॉलने वेग कमी केला की दुसऱ्या सरळ रेषेत चढतो. वेग तोच, पण रायबोसोमचे वाटे दोन वेगळे. अडवलेले रायबोसोम अमिनो आम्लं वापरत नाहीत, ती साचतात, आणि पेशीला दिसतं ते एवढंच की माल पडून आहे. ती आणखी रायबोसोम बनवत सुटते.

म्हणजे मोजला जातो तो तोल. आता तो मोजतं कोण?

जिनिंग मिल डोळ्यासमोर आणा, आपल्याकडे जामनेर-धरणगाव भागात कोणी पाहिली नाही असं नाही. जिनिंगच्या मशीनसमोर कपाशी संपून मशीन रिकामं फिरायला लागलं की तिथे उभ्या माणसाला मार्केटला आज किती गाड्या आल्या हे विचारावं लागत नाही. तो ओरडतो आणि नव्या मशीनची ऑर्डर थांबते. पेशीत हा ओरडणारा माणूस म्हणजे रेल-ए नावाचं एन्झाइम. अमिनो आम्ल पाठीवर घेऊन येणारा टीआरएनए रायबोसोमच्या ए-जागेत बसायला हवा. अमिनो आम्लं कमी पडली की तिथे रिकामा टीआरएनए येऊन बसतो. रेल-ए ते ओळखतं आणि जीटीपी किंवा जीडीपीवर एटीपीमधले दोन फॉस्फेट चढवून एक छोटा रेणू बनवतं. तीच पीपीजीपीपी. १९६९ साली मायकेल कॅशेल आणि जोनाथन गॅलंट यांना उपाशी ठेवलेल्या ई. कोलायच्या क्रोमॅटोग्रामवर एक अनोळखी ठिपका दिसला, त्याला त्यांनी 'जादूचा ठिपका' म्हटलं, आणि नाव चिकटलं. त्याआधी १९६१ मध्ये गुंथर स्टेंट आणि सिडनी ब्रेनर यांनी असा उत्परिवर्ती जीवाणू अभ्यासला होता जो उपाशी ठेवला तरी आरएनए बनवत राहतो. त्यात बिघाड होता तो याच रेल-एचा.

तयार झालेली पीपीजीपीपी मोडायला स्पो-टी हे दुसरं एन्झाइम असतं, आणि ते इतकं तत्पर की पीपीजीपीपीचं अर्धायुष्य अर्ध्या मिनिटाच्या आतलं. हा भाग विद्यार्थी सोडून देतात, पण नियंत्रणाचा जीव इथेच आहे. संदेश टिकाऊ असता तर अमिनो आम्लं परत आल्यावरही पेशी अर्धा तास घाबरलेलीच राहिली असती.

पीपीजीपीपी आरएनए पॉलिमरेजला दोन जागी चिकटते, त्यातल्या एका जागी डीकेएस-ए हे प्रथिन साथ देतं. याचा फटका रायबोसोमल आरएनएलाच जास्त का बसतो? ई. कोलायमध्ये रायबोसोमल आरएनएच्या जनुकांचे ७ संच आहेत. प्रत्येक संचाआधी दोन प्रमोटर (पॉलिमरेज जिथे बसून काम सुरू करतं त्या जागा), त्यातला पी-१ हा पेशीतल्या सर्वांत जोरदार प्रमोटरांपैकी. पॉलिमरेज त्यावर झटपट बसतं, पण डीएनएच्या साखळ्या उघडून जी अवस्था तयार होते ती अत्यंत अस्थिर असते. पहिले न्यूक्लिओटाइड वेळेत मिळाले नाहीत तर ती मिटते आणि पॉलिमरेज सुटून जातं. पीपीजीपीपी आणि डीकेएस-ए ही मुळातच डळमळणारी अवस्था आणखी डळमळीत करतात. इतर प्रमोटर जिथे पक्के बसलेले असतात तिथे त्याच धक्क्याने फारसं बिघडत नाही. अमिनो आम्लं बनवणाऱ्या काही जनुकांवर तर पीपीजीपीपी उलट जोर चढवते. एका रेणूने दोन कामं: खर्च थांबव, आवक वाढव.

आरएनएची सुरुवात ज्यांनी होते त्या एटीपी-जीटीपीच्या पातळीवरूनच पेशी रायबोसोमल आरएनए बनवण्याचा वेग ठरवत असेल, अशी एक कल्पना १९९७ च्या सुमारास रिचर्ड गोर्स यांच्या गटाने मांडली. प्रमोटरबाबत ती बरोबर आहे. पण पुढच्या मोजमापांत वेगवेगळ्या खुराकांवर स्थिर वाढीत एटीपीची पातळी फार बदलत नाही असं दिसलं, त्यामुळे ई. कोलायमध्ये तिचं महत्त्व अचानक बदलाच्या वेळी जास्त. बॅसिलस सबटिलिसमध्ये मात्र गोष्ट वेगळी. तिथे पीपीजीपीपी पॉलिमरेजला चिकटतच नाही. ती जीटीपी बनवणाऱ्या एन्झाइमना अडवते, जीटीपी उतरतो, आणि ज्यांचं आरएनए जीटीपीने सुरू होतं ते रायबोसोमल प्रमोटर थंडावतात. आम्ही खतासाठी बॅसिलसही वाढवतो, म्हणून सांगतो: ई. कोलायचं चित्र जसंच्या तसं त्याला चिकटवू नका.

रायबोसोमची प्रथिनं या सगळ्यात मागे कशी राहत नाहीत? मासायासु नोमुरा यांच्या गटाने १९८० च्या सुमारास दाखवलं की काही रायबोसोमल प्रथिनं, उदाहरणार्थ एल-१, एस-८, एल-४, यांना बसायला मोकळा रायबोसोमल आरएनए मिळाला नाही तर ती स्वतःच्याच एमआरएनएवर जाऊन बसतात आणि आपलंच उत्पादन रोखतात. त्यामुळे हुकूम फक्त आरएनएला द्यावा लागतो, प्रथिनं आपोआप त्याच्या मापात येतात. मला हा सगळ्या विषयातला सर्वांत देखणा भाग वाटतो, आणि परीक्षेत त्यावर प्रश्न सर्वांत कमी.

पीपीजीपीपी पूर्ण काढून टाकली तर काय? रेल-ए आणि स्पो-टी दोन्ही नसलेला ई. कोलाय साध्या ग्लुकोज-क्षार मीडियमवर वाढतच नाही, त्याला बरीच अमिनो आम्लं बाहेरून द्यावी लागतात. आणि कॅशेल यांच्या प्रयोगशाळेने अशा जीवाणूत आरएनए-प्रथिन गुणोत्तर मोजलं तेव्हा वेग कमी असो वा जास्त, ते चढंच राहिलं. मगाशी सांगितलेली सरळ रेषा आडवी झाली. ही रेषा कोण आखतं, याचा याहून सरळ पुरावा नको.

खुराक अचानक सुधारला की काय होतं, हे आमच्या भागातल्या शेतकऱ्यांकडच्या ड्रममध्ये रोज घडतं. जीवामृताच्या ड्रममध्ये शेणाबरोबर गूळ पडतो तो कर्बासाठी, आणि बेसन पडतं ते प्रथिनासाठी. गुळात साखर भरपूर पण नत्र नगण्य. बेसनातली प्रथिनं फुटून अमिनो आम्लं मोकळी व्हायला लागली की जीवाणूंना ती घरी बनवावी लागत नाहीत. कोपनहेगनच्या मंडळींनी हाच बदल स्वच्छ स्वरूपात केला: गरीब मीडियममधल्या कल्चरला एकदम श्रीमंत मीडियम दिलं. आरएनए बनण्याचा वेग तत्काळ उडाला. वस्तुमान त्याच्या पाठोपाठ. डीएनएने नवा वेग धरला सुमारे २० मिनिटांनी आणि पेशी-विभाजनाने सुमारे ७० मिनिटांनी. तोवर पेशी जुन्याच गतीने विभागत राहिल्या. आधी कारखाना, मग माल, हा क्रम त्यात स्पष्ट दिसतो. नुसत्या पेशी मोजत बसलात तर पहिला तासभर काहीच झालं नाही असं वाटेल, आणि प्लेट काउंटवर विसंबणारे बरेच जण इथेच फसतात.

हे इतक्या पटकन जमतं कारण मंद वाढीतही पेशी रायबोसोम अगदी संपवत नाही. मघाची सरळ रेषा वेग शून्याकडे नेली तरी शून्याला टेकत नाही. वर कुठेतरी अक्षाला छेदते. मंद वाढणाऱ्या पेशीत काही रायबोसोम बसून असतात आणि चालू असलेलेही सावकाश चालतात, सेकंदाला २० ऐवजी १२-१३ किंवा त्याहून कमी. उपास फारच लांबला तर आरएमएफ आणि एचपीएफ या प्रथिनांच्या मदतीने दोन-दोन रायबोसोम पाठीला पाठ लावून निष्क्रिय जोडी करतात, आणि बरेचसे मोडलेही जातात. म्हणूनच फर्मेंटरला इनॉक्युलम (विरजणासारखं सुरुवातीचं कल्चर) देताना ओडीचा, म्हणजे कल्चरच्या गढूळपणाचा, आकडा बघून समाधान मानू नये. रविवारभर फ्रिजमध्ये पडलेलं ३ ओडीचं कल्चर आणि लॉग फेजमधलं, म्हणजे ऐन वाढीतलं, १ ओडीचं कल्चर यांत मी डोळे मिटून दुसरं घेतो. पहिल्यात पेशी जास्त आहेत, पण त्यांना कामाला लागण्याआधी रायबोसोम उभे करायचेत, आणि तो वेळ म्हणजेच तुमची लॅग फेज. निदान तिचा मोठा भाग.

आता ब्रॅडीरायझोबियम. मूग, उडीद, चवळी, भुईमूग यांच्या गाठींत हाच मुख्यतः असतो. काँगो रेडच्या वायईएमए (यीस्ट एक्स्ट्रॅक्ट-मॅनिटॉल अगार) प्लेटवर जलद रायझोबियमच्या वसाहती तीन दिवसांत डोळ्यांना दिसतात, याच्या दिसायला आठवडा जातो. त्याच्या यूएसडीए ११० या नावाजलेल्या वाणात रायबोसोमल आरएनए जनुकांचा एकच संच आहे. क्षयाच्या जीवाणूतही एकच, आणि त्याला दुप्पट व्हायला दिवस लागतो. दुसऱ्या टोकाला व्हिब्रिओ नॅट्रिजेन्स: संच दहाहून जास्त, दुप्पट व्हायला १० मिनिटांच्या आत. पाहून वाटतं, संच जास्त तितका वेग जास्त, संपला विषय.

इतकं सोपं नाही. ई. कोलायमधले संच एकेक करून काढले तेव्हा पाचांवरही स्थिर वाढ जवळजवळ पूर्ण वेगाने चालली, कारण उरलेल्या संचांवर पॉलिमरेज जास्त बसू लागले. पूर्ण ७ संचांचा फायदा दिसला तो गरीब मीडियमवरून श्रीमंत मीडियमवर झटकन उडी मारताना. त्यातच जलद वाढीत डीएनएच्या नकलांवर नकला सुरू असतात आणि हे संच बहुतेक नकलेच्या सुरुवातीच्या जागेजवळ असतात, त्यामुळे पेशीत प्रत्यक्षात ३० च्या वर प्रती हजर असतात. मातीतल्या जीवाणूंचंही असंच: खुराक मिळताच प्लेटवर लवकर उगवणाऱ्यांत संच जास्त, उशिरा उगवणाऱ्यांत कमी. संचांची संख्या कमाल मर्यादा आणि तयारी ठरवते. आज, या मीडियमवर, या घडीला किती रायबोसोम बनवायचे ते मघाचा तोल ठरवतो. ब्रॅडीरायझोबियम हळू आहे तो एकच संच आहे म्हणून, असं म्हणण्यापेक्षा मी म्हणेन की हळू राहण्याच्या त्याच्या आयुष्याला एक संच पुरतो. त्याच्या फ्लास्कमध्ये यीस्ट एक्स्ट्रॅक्ट वाढवून त्याला रायझोबियमच्या वेगाने पळवण्याचा खटाटोप करू नका. जास्त यीस्ट एक्स्ट्रॅक्टने पेशी वाकड्यातिकड्या फुगतात, बाकी काही हाती लागत नाही.

यीस्टपासून माणसापर्यंत यंत्रणा वेगळी आहे, थोडक्यात सांगतो. तिथे पीपीजीपीपीच्या जागी टॉर हे काइनेज (फॉस्फेट चढवणारं एन्झाइम) आहे. अमिनो आम्लं पुरेशी असली की ते जागं राहतं आणि केंद्रिकेत (न्यूक्लिओलसमध्ये) रायबोसोमल आरएनएचं काम जोरात चालतं. जोनाथन वॉर्नर यांच्या १९९९ च्या हिशेबानुसार वेगाने वाढणाऱ्या यीस्टमध्ये २ लाखांच्या आसपास रायबोसोम असतात आणि मिनिटाला सुमारे २,००० नवे बनतात. टॉर हे नाव रॅपामायसिनवरून पडलं, आणि ईस्टर बेटाच्या मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिसमधून रॅपामायसिन वेगळं करणारे सुरेंद्रनाथ सहगल भारतीय वंशाचे होते. यीस्टमध्ये त्याचं लक्ष्य १९९१ साली सापडलं. कर्करोगाच्या पेशीत केंद्रिका मोठी दिसते, हे पॅथॉलॉजीवाल्यांना शंभर वर्षांपासून माहीत आहे. त्याचं कारणही हेच: रायबोसोमचा कारखाना बेफाम चाललेला. तुमच्या अभ्यासक्रमाला एवढं पुरे.

तिसरा प्रश्न मला सर्वांत आवडला. होय, करता येतं, आणि महागडं काही लागत नाही. रायबोसोम मोजायची गरज नाही. पेशीतल्या आरएनएपैकी ८५ टक्क्यांच्या आसपास रायबोसोमलच असतो, म्हणून आरएनए आणि प्रथिन यांचं गुणोत्तर काढलं की काम भागतं. आरएनएसाठी ऑर्सिनॉल आणि प्रथिनासाठी लोरी या दोन्ही पद्धती तुमच्या प्रॅक्टिकलला असतातच.

ई. कोलाय के-१२ चा साधा वाण घ्या. चार मीडियम: एम-९ क्षारांत ग्लिसरॉल, एम-९ मध्ये ग्लुकोज, एम-९ मध्ये ग्लुकोज आणि केसामिनो आम्लं (दुधाच्या प्रथिनातून काढलेली अमिनो आम्लं), आणि एलबी हे श्रीमंत मीडियम. ३७ अंशांवर दुपटीचा काळ ढोबळमानाने दीड तास, एक तास, ३५-४० मिनिटं आणि २०-२५ मिनिटं असा उतरत जाईल. हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. बहुतेक कॉलेजांतल्या शेकर-इन्क्युबेटरला गरम करता येतं, थंड करता येत नाही. खोलीच ४२ वर असेल तर यंत्रावर ३७ लिहून काही उपयोग नाही. आणि महावितरणचं वेळापत्रक बघून सुरुवात करा. मध्येच शेकर थांबला की हवा कमी पडते आणि ते वाचन फेकून द्यावं लागतं.

सगळ्यात महत्त्वाची अट म्हणजे वाढ स्थिर हवी. रात्रभराचं कल्चर घेऊन सकाळी मोजलं, असं चालणार नाही. ज्या मीडियमवर मोजायचं त्याच मीडियमवर कल्चर आधी वाढवा, ओडी ०.३ ला येण्याआधी कोमट ताज्या मीडियममध्ये दहा-वीसपट पातळ करा, पुन्हा वाढू द्या, पुन्हा पातळ करा. निदान आठ-दहा पिढ्या अशा गेल्या की पेशीची घडण त्या मीडियमची झाली असं समजा. एलबीमध्ये तर ०.३ च्या पुढे वाढीचा वेगच उतरायला लागतो, म्हणून तिथे ०.२ लाच काढून घ्या. दर दहा मिनिटांनी ओडी घेऊन लॉग-कागदावर मांडा. बिंदू सरळ रेषेत नसतील तर पुढचं काही करू नका.

५० मिलीलीटर कल्चर बर्फावरच्या फ्लास्कमध्ये ओता, थंड सेंट्रिफ्यूज करा. गाळ थंडगार सलाइनने दोनदा धुवा, मग थंड ५ टक्के ट्रायक्लोरोॲसेटिक आम्लाने. धुण्यात आळस केला तर मीडियममधली साखर आणि पेशीतले सुटे न्यूक्लिओटाइड मागे राहतात आणि ऑर्सिनॉल त्यांनाही रंग देतं. गाळात ४ मिलीलीटर ५ टक्के ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल घालून ९० अंशांच्या वॉटर बाथमध्ये १५-२० मिनिटं ठेवा. आरएनए आणि डीएनए दोन्ही द्रवात उतरतात, प्रथिन गाळात राहतं. वरचा द्रव ऑर्सिनॉलसाठी: फेरिक क्लोराइड आणि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लातलं ऑर्सिनॉल मिसळून उकळत्या पाण्यात २० मिनिटं. पिवळसर द्रव हळूहळू हिरवा होत जातो, एलबीच्या नळीत गडद बाटलीसारखा आणि ग्लिसरॉलच्या नळीत पोपटी. ६६५ नॅनोमीटरला वाचा. डीएनए थोडा रंग देतं. उरलेल्या द्रवावर डायफेनिलअमाइन (डीएनएची रंगचाचणी) करून ते वजा करा. खालचा गाळ सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवून लोरी. एलबीच्या नळीचा रंग प्रमाणरेषेच्या वर गेला तर वाचन ताणून काढू नका, मूळ द्रव पातळ करून पुन्हा रंग बसवा.

आडव्या अक्षावर वाढीचा वेग घ्या, म्हणजे ०.६९३ भागिले तासांतला दुपटीचा काळ. उभ्या अक्षावर आरएनए भागिले प्रथिन. चार बिंदू साधारण ०.२ पासून ०.५ पर्यंत चढत्या रेषेत यायला हवेत. आकडे माझ्या सांगण्याशी तंतोतंत जुळले नाहीत तर घाबरू नका, लोरीचं प्रमाण-प्रथिन बदललं तरी ते वरखाली होतात. रेषेचा चढ बघा.

जमलं तर दोन फ्लास्क जास्तीचे चालवा. एक ग्लुकोजचाच, पण २८ अंशांवर. दुसरा ग्लुकोज आणि केसामिनो आम्लांचा, ३७ अंशांवर, मिलीलीटरला १ मायक्रोग्रॅमच्या आसपास क्लोरॅम्फेनिकॉल घालून. वेग निम्म्यावर येईल इतकं प्रमाण एक-दोन खेपांत बसवून घ्या, आणि यालाही त्या प्रमाणात पिढ्या काढू द्या. २८ अंशांचा बिंदू आपल्या ३७ अंशांच्या जोडीदाराच्या डावीकडे, जवळजवळ त्याच उंचीवर पडेल. क्लोरॅम्फेनिकॉलचा बिंदूही डावीकडे जाईल, पण वर चढून. दोन्ही त्या चढत्या रेषेवर बसणार नाहीत. ते बसत नाहीत म्हणून रेषेत ओढायचा मोह आवरा आणि वेगळ्या शाईने काढा. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले सर आधी त्यांच्यावरच बोट ठेवतील.